जुन्या गाडीला बदली गिअरबॉक्स



दहा-पंधरा वर्षं नीट चाललेली ऑटोमॅटिक गाडी एके दिवशी 'डी'मध्ये टाकली तरी हलत नाही, किंवा हलते पण इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही. गॅरेजमध्ये नेली की निकाल ठरलेला असतो, "साहेब, गिअरबॉक्स गेला." मग खर्चाचा आकडा कानावर येतो आणि मालकाची झोप उडते. बदली गिअरबॉक्स बसवताना गाडीखाली काय काय घडतं ते आज सांगणार आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नव्याने बसवलेला गिअरबॉक्स लवकर गेला, तर त्यात त्या गिअरबॉक्सचा दोष फार कमी वेळा असतो. पहिला ज्या कारणाने गेला ते कारण गाडीत तसंच राहिलेलं असतं, किंवा बसवताना घाई झालेली असते.

आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा येतात. मारुती झेनमध्ये पूर्वी तीन गिअरचा ऑटोमॅटिक मिळायचा, ह्युंदाई आय टेनमध्ये चार गिअरचा. होंडा सिटी झेडएक्समध्ये सीव्हीटी होता, म्हणजे गिअरच नाहीत, पट्टा आणि पुल्या. 2014 साली सेलेरिओबरोबर एएमटी आला. तो मुळात साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. आज मी बोलणार आहे तो टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल.

यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीचा क्लच नसतो. तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनाकडची पाती तेल भिरकावतात, समोरची पाती ते तेल अंगावर घेऊन फिरतात आणि गाडी चालते. तेच तेल दाबाखाली आतले क्लच आवळतं, सगळ्या भागांना वंगण देतं आणि उष्णता बाहेर नेतं. हा दाब तयार करणारा पंप इंजिन चालू असतानाच फिरतो. म्हणून बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढत गॅरेजला नेऊ नका. चाकं फिरत राहतात, आत वंगण पोहोचत नाही आणि वाचू शकला असता असा गिअरबॉक्सही वाटेतच संपतो. गाडी उचलून नेणारा ट्रक मागवा.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर 'गेला' हा शब्द लगेच मान्य करायचा नाही. तेल कमी झालेलं असू शकतं. गिअर बदलणारा एखादा सोलेनॉइड अडकलेला असतो, वेग मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो, कधी लिव्हरची केबलच सरकलेली असते. स्कॅनर लावून कोड बघावेत, आणि मग खालची तेलाची परात काढायला सांगावी. ती काढतील तेव्हा स्वतः वाकून बघा. परातीत एक-दोन लोहचुंबक चिकटवलेले असतात. त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती वर्षानुवर्षांची नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे निघाले, काळा भुगा निघाला आणि तेलाला जळका वास असला, तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं आहे.

तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर? मग दोष सुरू झाला रेडिएटरमध्ये. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतो, पाण्याने क्लचच्या पट्ट्यांवरचं अस्तर सुटतं, आणि आतला कारभार आटोपतो. रेडिएटर तसाच ठेवून नवा गिअरबॉक्स चढवला तर नव्याचीही तीच गत होणार. तेव्हा रेडिएटरही बदला, तिथे पैसे वाचवू नका.

बदली गिअरबॉक्स तीन प्रकारे मिळतो. कंपनीचा नवा, कोणीतरी उघडून दुरुस्त केलेला, किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला. जुन्या गाडीला नव्याचा खर्च बहुधा परवडत नाही, गाडीच्या किमतीच्या आसपासच तो जातो. मग लोक मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीत मायापुरीच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फोन लावतात. वापरलेला घेतला म्हणून काही बिघडत नाही, पण तो कोणत्या गाडीतून आला हे विचारा. मागून ठोकर बसलेल्या गाडीचा उत्तम. पुरात बुडालेल्या गाडीचा नको. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी वरच्या बाजूला एक लहानशी नळी असते, पाणी तिथून आत जातं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत गाड्या घेणाऱ्यांना हा धडा चांगलाच महागात पडला. नळ्यांची तोंडं बुचांनी बंद आहेत का, हाउसिंगचे कान तडकलेले नाहीत ना, तेही बघा. चकाचक रंगवलेला गिअरबॉक्स मला नेहमी संशयास्पद वाटतो.

आणि क्रमांक जुळवा. मॉडेल तेच, गाडी तीच दिसते, पण वर्ष बदललं की विजेचा सॉकेट बदलतो, कधी आतल्या दात्यांचं प्रमाण बदलतं. हाउसिंगवरच्या पट्टीवरचा कोड जुन्याशी पडताळून मगच पैसे द्या. आरसी बुकात इंजिन आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे तसाच दुसरा बसवताना ती अडचण येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची तार काढायची, तेल सोडायचं, चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, स्टार्टर काढायचा, आणि इंजिन वरून साखळीने धरून ठेवायचं, कारण गिअरबॉक्सचं माउंटिंग निघालं की इंजिन एका बाजूला लोंबतं. कन्व्हर्टरचे बोल्ट एका छोट्या खिडकीतून, इंजिन हाताने फिरवून, एकेक करून सोडावे लागतात. काढायचं काम अंगमेहनतीचं आहे, पण त्यात फारसं चुकत नाही. चुकतं ते बसवताना.

बदली गिअरबॉक्सवर कन्व्हर्टर चढवताना तो एकदम आत जात नाही. आत तीन ठिकाणी जुळणी व्हावी लागते, एक इनपुट शाफ्टच्या दात्यांशी, दुसरी स्टेटरच्या नळीशी आणि तिसरी पंप फिरवणाऱ्या खाचांशी. मिक्सरचं भांडं थोडं फिरवलं की खट करून बसतं ना, तसंच इथेही हळूहळू फिरवत, जोर न लावता, तीन वेळा खाली उतरू द्यायचं. दोन वेळा उतरला की बसल्यासारखा वाटतो, आणि घात तिथेच होतो. तिसरी जुळणी न होता गिअरबॉक्स इंजिनला लावला, मधली फट बोल्ट आवळून मिटवली, की पंपाची चाकं दबतात आणि पहिल्याच स्टार्टला तुटतात. नव्या गिअरबॉक्सचा भुगा नव्याच तेलातून सगळीकडे जातो. म्हणून चांगला कारागीर आधी सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती आत गेलाय ते मोजतो आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडतो. हाउसिंग इंजिनाला नुसत्या हाताने टेकायला हवं. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा, आणि ड्राइव्ह प्लेटपर्यंत काही मिलिमीटर पुढे ओढावा लागायला हवा. तो पुढे ओढावा लागत नसेल तर थांबा आणि पुन्हा काढा.

इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या दोन डॉवेल पिना हरवल्या तर "चालतंय की" म्हणणारे पुष्कळ भेटतील. पिना नसल्या की इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य केसाएवढा सरकतो, पुढचं सील गळायला लागतं आणि पंपाचा बुश खाल्ला जातो. जुन्या गिअरबॉक्समधून पिना काढून घ्या. सगळं उघडलेलंच आहे, तर इंजिनाचं मागचं सील, ड्राइव्ह शाफ्टची सीलं आणि फाटलेली माउंटिंगही याच वेळी बदला. माल स्वस्त असतो, मजुरी मात्र दुसऱ्यांदा द्यावी लागते.

मग तेल थंड करणारा कूलर. जुन्या गिअरबॉक्सचा भुगा कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला असतो आणि तो नुसत्या हवेच्या झोताने जात नाही. शक्य असेल तर कूलर नवाच घ्या, आणि तेल परत येणाऱ्या नळीवर लोहचुंबकवाला फिल्टर बसवा. हे न केल्याने चांगला माल वाया जाताना मी पुष्कळदा पाहिलंय.

तेल कोणतं? गाडीला जे सांगितलंय तेच. आय टेनच्या चार गिअरवाल्याला एसपी थ्री, होंडाच्या त्या सीव्हीटीला होंडाचं स्वतःचं वेगळं. 'सगळ्यांना चालणारं' तेल दुकानदाराला चालतं. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, पी पासून डी पर्यंत प्रत्येक जागी लिव्हर काही सेकंद ठेवायचा, म्हणजे आतल्या वाटा तेलाने भरतात आणि पातळी खाली येते. मग आणखी तेल घालायचं. पातळी मोजायची ती तेल तापल्यावर. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, होंडाच्या कित्येक गाड्यांत बंद केल्या केल्या. जास्त भरलं तर तेलाला फेस येतो आणि दाब पडतो, म्हणजे कमी भरल्यासारखंच नुकसान.

पी आणि एन सोडून दुसऱ्या कुठल्याही जागी गाडी स्टार्ट होता कामा नये, ते तपासा. स्कॅनरने जुन्या गिअरबॉक्सची शिकवण पुसायला सांगा. कंट्रोलर जुन्या झिजलेल्या क्लचच्या हिशेबाने दाब देत असतो, तो पुसला नाही तर नव्याला झटके बसतात. पुसल्यावरही पहिले काही दिवस गिअर थोडे ओबडधोबड पडतील, तेवढं चालतं. आणि गॅरेजकडून एक गोष्ट लेखी घ्या. माल खराब निघाला तर दुसरा मिळेल हे सगळेच सांगतात. दुसऱ्यांदा काढण्या-घालण्याची मजुरी आणि नवं तेल कोणाच्या खिशातून, हे बिलावर लिहिलेलं असू द्या.