यादी आणि संगणक
(वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



हिशेबतपासनीस हा राखणदार कुत्रा, शिकारी कुत्रा नव्हे, अशा अर्थाचे मत १८९६ च्या एका इंग्रजी निवाड्यात आहे. फोरेन्सिक ऑडिट म्हणजे मात्र माग काढणेच. नेहमीचा तपासनीस पुढे आलेल्या कागदावर बहुधा विश्वास ठेवतो; हा विचारतो, कागद आला कोठून?

पीएमसी बँकेचे उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येणार होते! (मर्यादा पुढे वाढली, पण पहिल्या दिवशी घरोघरी काय झाले असेल?) पोलिसांकडील तक्रारीनुसार, ४४ बुडीत कर्जखाती लपविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविली गेली. ती बँकेच्या संगणकात नव्हतीच, रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत तेवढी होती. विद्यार्थी मित्रहो, त्या यादीतले कोणतेही वीस खातेक्रमांक उचलून संगणकात शोधले असते, तर? एवढे साधे काम वर्षानुवर्षे राहून गेले, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

फोरेन्सिक ऑडिटर आले ते पैसा अडकल्यानंतर. ते पैसा कोठे गेला हे सांगतात, परत आणून देत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवर ठेव असलेल्या सामान्य ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले. त्यांत निवृत्त माणसेही होती.