प्रसंगाचे संगीत: चित्रपटाकडून खेळाकडे



चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांसाठी संगीत रचणाऱ्यांच्या व्यवसायाचा विचार केळशीतील या संमेलनात होत असताना, याच दापोली तालुक्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांच्या ‘श्यामची आई’चे स्मरण केवळ औपचारिक ठरत नाही. आचार्य अत्रे यांनी त्या पुस्तकावरून १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याचे संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५) हे कोकणचेच होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचा आलेख प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी नेऊन पोहोचवतो.

देसाई प्रभात फिल्म कंपनीत पोरवयात दाखल झाले, पडेल ते काम करत शिकले, आणि राजकमल या चित्रसंस्थेच्या ‘शकुंतला’पासून (१९४३) संगीतकार म्हणून स्थिरावले. ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९) या चित्रपटातील त्यांची गाणी आजही लोकांच्या ओठी आहेत. परंतु गुलजार यांच्या ‘अचानक’ (१९७३) या एकही गाणे नसलेल्या चित्रपटालाही त्यांचेच संगीत आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते. संवाद, हालचाल आणि शांतता यांच्या आधाराने प्रसंगाचा भाव उभा करणारे जे संगीत, त्याला पार्श्वसंगीत म्हणतात. मराठी समीक्षेने संगीतकाराची थोरवी गाण्यांवरून मोजली आणि या दुसऱ्या, अधिक अवघड कामाचा अभ्यास मागे ठेवला. ही उणीव आता व्यवसायालाही जाणवू लागली आहे, कारण व्हिडिओ गेममध्ये मुख्य काम पार्श्वसंगीताचेच असते.

चित्रपटाचे संकलन पूर्ण झाले की प्रसंगाची लांबी ठरते आणि संगीतकार त्या मापात रचना बसवतो. खेळात मात्र एकच दालन ओलांडायला कोणाला अर्धे मिनिट लागते, तर कोणी तेथे अर्धा तास रेंगाळतो. म्हणून तेथे लूप, म्हणजे जोड न जाणवता पुन्हा पुन्हा वाजू शकणारा तुकडा, रचावा लागतो; वाद्यांचे थर वेगवेगळे ध्वनिमुद्रित करावे लागतात, जेणेकरून धोका जवळ येताच तालवाद्यांचा थर चढेल आणि तो टळताच उतरेल. खेळणाऱ्याच्या कृतीनुसार असे बदलणारे संगीत अ‍ॅडॅप्टिव्ह संगीत म्हणून ओळखले जाते. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या जपानी खेळात अवघे चार खर्जातले स्वर शत्रू जवळ येताच जलद होत जातात. या तत्त्वाचे बीज तेथे स्पष्ट दिसते.

हे तत्त्व कोकणाला परके नाही. दशावतार या येथील लोकनाट्यात संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असतात, आणि पेटी व पखवाज वाजवणारे कलावंत नटाचा श्वास ओळखून लय वाढवतात, थांबतात किंवा त्याची वाट पाहतात. लांबी आधी न ठरलेल्या प्रसंगाला साथ करण्याचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत आणि कानांत टिकले. ते लिहून काढून नव्या संगीतकारांच्या शिक्षणात आणले गेले, तर मराठी संगीतकार या क्षेत्रात स्वतःचे काही घेऊन उतरू शकेल.

संधी दूरची नाही. भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ (२०२०) हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवला आणि त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केले. परदेशी कलावंताने भारतीय वातावरण आत्मीयतेने समजून घ्यावे, हे स्वागतार्हच आहे. त्याच आत्मीयतेने येथील विद्यार्थ्यांनीही या कामाकडे वळावे, यासाठी संगीत विद्यालयांनी रागज्ञानासोबत ध्वनिमुद्रण, थरांची रचना आणि खेळाच्या आज्ञावलीशी संगीत जोडण्याचे तंत्र शिकवणे अगत्याचे आहे.

हक्कांचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१२च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने चित्रपटातील संगीत चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास संगीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. तरीही करारात कामाची व्याप्ती, श्रेयनामावली आणि पुढील भागांतील पुनर्वापर यांची नोंद नेमकेपणाने झाली पाहिजे, कारण खेळातील एक तुकडा असंख्य वेळा वाजतो आणि मानधन बहुधा एकदाच मिळते.

तेव्हा पार्श्वसंगीताच्या स्वरलिप्या आणि मूळ ध्वनिमुद्रणे जतन करणे, दशावतार व नमन-खेळे या कोकणातील लोककलांतील साथीचे पद्धतशीर दस्तऐवजीकरण करणे आणि नवोदितांसाठी करारांचा मराठी नमुना तयार करणे, ही तीन कामे या संमेलनाने हाती घ्यावीत. देसाईंच्या पिढीने स्टुडिओत उमेदवारी करून जी विद्या मिळवली, ती आता शाळेत, ग्रंथात आणि कायद्यात रुजवणे हे या पिढीचे कर्तव्य आहे.