गाठीला चिठ्ठी लागली, शेतकऱ्याचे नाव कुठे आहे?

(बोरीवली येथे झालेल्या शेतकरी-ग्राहक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



ज्वारीची पोती घेऊन आपला टेम्पो समृद्धी मार्गाने मुंबईला आला. टोलनाक्यावर काचेला चिकटवलेल्या फास्टॅगने न बोलता पैसे कापून घेतले. पुढे टपरीवर ड्रायव्हरने चहा घेतला आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचा ठसा मोबाईलने टिपून पैसे दिले. फास्टॅग हा रेडिओ बिल्ला आणि टपरीवरचा ठसा म्हणजे क्यूआर कोड. मालाचा माग ठेवण्यासाठी आज जगभर हीच दोन तंत्रे वापरतात. बियाण्याच्या पिशवीवर आणि कापसाच्या गाठीवर कोड आला आहे. त्यांच्याच घराण्यातला बारा आकडी बिल्ला आपल्या बैलाच्या कानात आहे आणि 1 जून 2024 पासून त्याच्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करू नये असा राज्य सरकारचा नियम आहे. तेव्हा या दोन तंत्रांत आपल्या फायद्याचे कोणते, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

क्यूआर कोड म्हणजे छापलेली चिठ्ठी. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी ती काढली. तिला छपाईपलीकडे खर्च नाही. वाचायला खिशातला मोबाईल पुरतो. कोपरा फाटला, थोडा चिखल लागला, तरी ती वाचता येते. दोष दोन. प्रत्येक चिठ्ठी समोर धरून वाचावी लागते, आणि तिची झेरॉक्स काढली की तशीच दुसरी तयार होते.

रेडिओ बिल्ल्यात नखाएवढीही नसलेली चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ पट्टी असते. बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या लहरींच्या जोरावरच तो आपला नंबर सांगतो. काही मीटरवरून, नजरेआड असला तरी आणि शेकडो बिल्ले एका दमात वाचता येतात. वखारीत ट्रक शिरला की दारातच गाठी मोजून होतात. त्याची नक्कल झेरॉक्सइतकी सोपी नाही. पण बिल्ल्याला नगामागे काही रुपये पडतात आणि वाचक यंत्राला हजारो रुपये मोजावे लागतात. लोखंड आणि पाणी हे त्याचे वैरी. गाठीला लोखंडी पट्ट्या असतील, रुईत ओलावा असेल, तर वाचन चुकते.

म्हणजे मोजदाद करणाऱ्या वखारवाल्याला रेडिओ बिल्ला सोयीचा आणि एकेक नग हातात घेऊन पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला क्यूआर कोड सोयीचा. मग शेतकऱ्याला काय सोयीचे?

त्यासाठी अमेरिकेत काय चालते ते पाहू. तिथे कापूस वेचणारे मोठे यंत्र शेतातच सुमारे दोन टनांचा गोल गठ्ठा बांधते. त्या गठ्ठ्याच्या प्लास्टिकमध्येच रेडिओ बिल्ले बसवलेले असतात. गठ्ठा शेतात बांधला त्याच क्षणी कुणाचे शेत, कुठला तुकडा, ही नोंद सुरू होते. जिनिंगमध्ये त्या शेतकऱ्याचा कापूस वेगळा पिंजला जातो. तयार गाठीवर छापील पट्ट्यांचा बारा आकडी क्रमांक लागतो. त्यातले पहिले पाच आकडे जिनिंगचे, पुढचे सात गाठीचे. प्रत्येक गाठीची लांबी, मजबुती आणि मायक्रोनेअर यंत्रावर तपासतात आणि शेतकऱ्याच्या हाती त्या प्रतीचा दाम पडतो. शेतात रेडिओ बिल्ला, गाठीवर छापील चिठ्ठी, दोन्ही आपापल्या जागी. जिनिंग होईपर्यंत रुई शेतकऱ्याच्याच मालकीची असते, म्हणून हे जमते.

आता आपल्याकडे पाहा. आपण सरकीसकट कापूस विकतो. काट्यावर वजन झाले, पट्टी हातात पडली, की आपला संबंध संपला. 34 टक्के उतारा धरला तर पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ होते. पण आपले पाच क्विंटल गंजीवर पडतात तेव्हा तिथे आधीच शेकडो क्विंटल असतात. त्यात कवडी आहे, फरतड आहे, ओला माल आहे आणि कुणी निगुतीने वेचलेला लांब धाग्याचा कापूसही आहे. त्या गंजीतून निघालेल्या गाठीवर कोड लागतो. कापूस महामंडळाच्या गाठींवर तो लागतो, 'कस्तुरी' कापसाच्या गाठींवरही लागतो. गिरणीवाल्याने तो टिपला की गाठ कुठल्या कारखान्यात बांधली, प्रत काय, हे त्याला कळते. माग फार तर खरेदी केंद्रापर्यंत जातो.

दुसऱ्या टोकालाही नोंद आहेच. 2025 च्या हंगामापासून हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नाव, आधार, जमीन सगळे नोंदवावे लागते. एका टोकाला शेतकऱ्याची कुंडली, दुसऱ्या टोकाला गाठीची कुंडली, आणि मधे गंज! दोन्ही कुंडल्या तिथे तुटतात. गाठीला चांगली प्रत मिळाली तर तिचा दाम गाठीच्या मालकाला. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता. क्विंटलला 400 रुपयांचा फरक. पाच क्विंटलला 2,000. हे पैसे काट्यावर नजरेने ठरतात.

कुणी म्हणेल, महाग तंत्र आणा, सगळे सुरळीत होईल. त्याने 2020 सालचे प्रकरण आठवावे. सेंद्रिय कापडाचे प्रमाण ठरवणाऱ्या 'गॉट्स' या जागतिक संस्थेने त्या वर्षी भारतातली बनवेगिरी उघड केली. सरकारच्या 'ट्रेसनेट' संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल तयार केली होती. खोट्या प्रमाणपत्रावरचा कोड टिपला की हे नकली दुकान उघडायचे आणि 'माल खरा' म्हणून सांगायचे. सुमारे 20 हजार टन कापसाचा मामला होता. 11 कंपन्यांवर बंदी आली. तिथे रेडिओ बिल्ला असता तरी काय झाले असते? खोटी नोंद रेडिओवरूनही खोटीच ऐकू येते.

याउलट, याच बोरीवलीतून वर्षानुवर्षे निघणारे जेवणाचे डबे पाहा. झाकणावर रंगाने काढलेली खूण. कुठल्या स्टेशनातून निघाला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सारे चार-सहा अक्षरा-आकड्यांत. चिप नाही, इंटरनेट नाही. तरी डबा चर्चगेटला बरोबर पोचतो आणि रिकामा परत येतो. कारण डबा घराच्या दारात उचलला जातो तेव्हाच तो कुणाचा हे ठरलेले असते, आणि प्रत्येक टप्प्यावर एक माणूस त्याला जबाबदार असतो. आपल्या कापसाला नेमके हेच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. कापसाला आज छापील कोड पुरे. पण त्याची सुरुवात गाठीवर न होता काटापट्टीवर झाली पाहिजे. त्यासाठी गंज वेगळी ठेवावी लागेल, आणि ते एकट्याचे काम नाही. व्यापारात 100 गाठींचा लॉट चालतो. त्याला 500 क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर 100 एकर. दोन-दोन एकरवाले 50 शेतकरी एका वाणाचे, एका वेचणीचे झाले, तर जिनिंगवाल्याला सांगता येईल: आमचा कापूस वेगळा पिंजा, नमुना तपासा, गाठींचे क्रमांक आमच्या हाती द्या. रुई आमची, विकणार आम्ही. पिंजाईचे पैसे घ्या.

ज्वारीचे काम याहून सोपे. तिला जिनिंग नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण इथल्या गिऱ्हाइकाला दुकानात ती ओळखायची कशी? पाच किलोच्या पिशवीवर कोड छापा. त्यात गाव, वाण, काढणीची तारीख आणि गटाचा फोन द्या. एवढ्या खर्चात तुमचे नाव थेट स्वयंपाकघरात जाते. मात्र पिशवीत दुसऱ्याची ज्वारी एकदा जरी मिसळली, तर तेच नाव तुमची अब्रू घालवील.

जिल्ह्याच्या बैठकीत प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात: कुठला वाण किती एकरांवर आहे, आणि वेगळी गंज लावून द्यायला कुठला जिनिंगवाला तयार आहे. बिल्ला कुठला लावायचा ते त्यानंतर ठरवू.