गोळ्या उशीत का लपल्या?

काशीदच्या आमच्या बचत गटाला आज अर्धशिशीबद्दल बोलायचंय. आपल्या नाही, वयात येणाऱ्या आपल्या लेकरांच्या.

आमच्यातल्या एका ताईंची लेक नववीत आहे. शनिवार-रविवारी आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी पाहुणे, मासे तळल्याचा वास, पांढऱ्या वाळूवरचं डोळे दिपवणारं ऊन. नेमकी तेव्हाच ही पोर कपाळाला ओढणी बांधून अंधाऱ्या खोलीत पडायची, उलट्या करायची. आम्ही म्हणायचो, "कामाच्या वेळीच बरं दुखतं हिचं!" आज ते आठवलं की लाज वाटते. ऊन, उग्र वास, चुकलेलं जेवण, अपुरी झोप यांनी अर्धशिशी उठते, आणि आमच्याकडे शनिवारी हे सगळं एकदमच असतं.

डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायला फ्लुनारिझिन दिली. दुखणं कमी झालं, ताई खूश. पण पोर पहिल्या तासाला वर्गात पेंगायची, सारखी भूक भूक करायची. गणवेश घट्ट झाला, बोलणं कमी झालं. आम्ही पुन्हा तिलाच बोललो, आळशी झालीस म्हणून. मग एक दिवस अभ्रा धुवायला काढताना ताईंना उशीत गोळ्या सापडल्या. पोर म्हणाली, "वर्गात सगळी मला झोपाळू म्हणतात. त्यापेक्षा डोकं दुखलेलं परवडलं."

झोप, वाढलेलं वजन, उदासी हे सगळं या गोळीनं होऊ शकतं. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, आपणही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं.

दुसऱ्या गोळ्यांचेही त्रास असतात. प्रोप्रानोलोलनं थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असेल तर आधीच सांगायचं, आणि ती एकदम बंद करायची नाही. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, साधा शब्द पटकन आठवत नाही. परीक्षेच्या वर्षी हे केवढं मोठं! व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतात, म्हणून मुलीला देताना डॉक्टरांना हा प्रश्न विचाराच. लाजू नका.

अमेरिकेत २०१७ साली ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. काहींना अमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांचं दुखणं बरंच उतरलं, आणि औषधवाले काही पुढे गेले नाहीत. त्रास मात्र त्यांनाच जास्त झाला. म्हणून गोळ्या फेकून द्यायच्या नाहीत. काही मुलांना त्या लागतातच. पण "हिचा उपयोग होतोय का? कमी करता येईल का?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीचं वेगळंच. दुखायला लागल्या लागल्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं घेतली तर चालते. पण आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस, महिनोन् महिने घेतली तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालच्यांना द्यायची नाही.

आता त्या घरी एक वही आहे. कधी दुखलं, आदल्या रात्री किती झोप झाली, सकाळी खाल्लं का, पाळी कधी आली, कोणती गोळी घेतली. आणि शेवटचा रकाना, "गोळीनं काय झालं". तो पोर स्वतः लिहिते, आईनं त्यात खाडाखोड करायची नाही. शनिवारी ती आठच्या आत भाकरी खाते, उपवास नाही म्हणजे नाही (आजीला हे पटायला महिना लागला). उन्हात तिला पाठवत नाहीत. संध्याकाळी ती पाहुण्यांचा हिशोब लिहिते.

एकाएकी असह्य डोकं उठलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर वही बाजूला ठेवा आणि तडक मुरूड नाहीतर अलिबागचं सरकारी रुग्णालय गाठा. लेकरू फार उदास असेल, जगणं नको म्हणत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी कळवा.

पोरीचं डोकं अजून दुखतं, महिन्यातून दोन-तीनदा. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. वही पिशवीत भरून ठेवली आहे, आणि या वेळी बोलणार आहे ती स्वतः.