लंडनहून गावी निघताना

ब्रिटनमधली आपली माणसं महिनाभर गावी येतात, तेव्हा तिकडच्या घरातला गॅस बॉयलर अनेकदा तसाच चालू राहतो. थंड पडलेलं घर पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, असं बरेच जण मानतात. ते खरं नाही. घर बाहेरच्यापेक्षा जितकं गरम, तितकी उष्णता भिंतींतून निसटते; घर थंड राहिलं की गॅस वाचतोच. उन्हाळ्यात जाताना बॉयलर खुशाल बंद करा. डिसेंबरात मात्र कृपा करून नको! पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पाइप फुटतात आणि बर्फ वितळला की घरभर पाणी होतं. थर्मोस्टॅट १२ अंशांच्या आसपास ठेवा, विम्याच्या अटीही वाचा. गॅसचा रोजचा स्थिर आकार मात्र बॉयलर बंद असला तरी लागतोच.