रेडिएटरमध्ये चहा कुठून आला?

आजचा भाग कोडिंगचा नाही, ट्रकचा आहे. मध्ये इंजिनचा आवाज ऐकवलाय, तो लिखाणात येणार नाही, तेवढा ऑडिओत ऐका.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, पण घर निफाड तालुक्यातलं. काकांचा एक ट्रक आहे. एकच. २००६ चं मॉडेल, सोळा-तेरा, आत कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. कांदा भरून वाशीला जायचं, येताना मिळेल तो माल आणायचा. दिवाळीला घरी गेलो तर अंगणात भांडण चाललेलं. ड्रायव्हरमामांनी सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं होतं आणि आत पाण्याऐवजी टपरीवरचा घट्ट चहा. म्हणजे दिसायला चहा, बोटाला लावला तर ऑइलचा बुळबुळीत लगदा.

काका म्हणाले, "कसारा घाट चढताना गाडी तापवलीस तू. गॅस्केट उडवलंस." मामा एवढंच म्हणाले, "शेठ, काटा वर गेलाच नाही." काकांनी त्यांचा महिन्याचा पगार अडवून धरला. गॅरेजवाल्यानेही फोनवरच सांगून टाकलं, हेड उतरवावं लागेल. आणि मी शहाणा, दोन व्हिडिओ बघून म्हणालो, "हो काका, हेड गॅस्केटच." मामांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. ते बघणं मला रात्री झोपू देईना.

ऑफिसात आपण लॉग न बघता कोणाच्या कोडवर बोट ठेवतो का? (ठेवतो खरं तर. पण ठेवू नये.) सकाळी मामांना म्हटलं, चला, पहिल्यापासून बघू.

आता नीट ऐका, सगळी गंमत प्रेशरची आहे. गाडी रस्त्यावर चालताना ऑइलचं प्रेशर दोन बारच्या वर असतं. रेडिएटरचं झाकण साधारण अर्ध्या ते एक बारला सुटतं. म्हणजे दोघांच्या मधल्या भिंतीला कुठेही भोक पडलं, तर चालत्या गाडीत ऑइल पाण्यात घुसणार. इंजिन बंद केलं की उलटं होतं. ऑइलचं प्रेशर लगेच शून्य, पण गरम पाणी अजून दाबाखाली. मग थोडं पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं.

डिपस्टिक काढली, ऑइल काळं, स्वच्छ. मी खूश झालो. मामा म्हणाले, थांब. गाडी रात्रभर उभीच होती. त्यांनी खाली जाऊन चेंबरचा नट अगदी हळू सैल केला. पाणी जड, ते तळाशी बसतं, डिपस्टिकला दिसत नाही. आधी चमचाभर पाणी आलं, मग ऑइल. काकांना त्या रात्री अजून एक फेरी मारायची होती. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग गेली असती, तर अख्खं इंजिनच खोलायला लागलं असतं. चावी मामांनी खिशात ठेवली.

मग गॅस्केट. थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्याकडे बघत बसलो. सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर बुडबुडे येत राहतात. इथे तसं काही नाही. (एअर ब्रेकवाल्या ट्रकमध्ये बुडबुडे दिसले तरी घाई नको. एअर कॉम्प्रेसरच्या हेडमधूनही पाणी फिरतं, हवा तिथूनही येऊ शकते.) यावरून गॅस्केट शंभर टक्के निर्दोष ठरत नाही, कारण ऑइलची वाट गॅस्केटमधूनही जाते. पण हेड उतरवणं म्हणजे मोठा खर्च, आणि या इंजिनात ऑइल कूलर बाजूला, ऑइल फिल्टरच्या मागेच बसतो. चार बोल्ट जास्त, पण हेडपेक्षा कितीतरी सोपं. स्वस्त शंका आधी तपासायची.

कूलर काढला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून टायरच्या दुकानातली हवा तीन बारला दिली आणि पाण्याच्या ड्रममध्ये बुडवला. एका सांध्यातून मोत्यांची माळ निघावी तसे बारीक बुडबुडे. मामा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

कूलरच्या आत पांढरा थर आणि गंज होता. हा थर कशाचा? बोअरच्या पाण्याचा. कूलंट महाग म्हणून काका कित्येक वर्षं बोअरचंच पाणी भरत आले. हे मी त्यांना अंगणात सगळ्यांसमोर नाही सांगितलं, कूलर हातात दिला फक्त. त्यांनी नखाने थर खरवडला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

नवीन कूलर बसला, ऑइल आणि फिल्टर बदलले. सगळ्यात किचकट काम धुण्याचं. साबणाचं पाणी भरायचं, इंजिन गरम करायचं, सोडायचं. पाच वेळा केलं तेव्हा कुठे पाण्यावरची तेलकट साय गेली. ऑइलने फुगलेले होज आणि थर्मोस्टॅटही बदलले. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं.

पगार त्याच संध्याकाळी दिला. काका "चुकलो" म्हणाले नाहीत, पाकिटासोबत कूलंटचा एक कॅन गाडीत ठेवला. मी मात्र मामांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "तू निदान ड्रममध्ये हात तरी घातलास." मग चावी काढून वाशीला निघाले.