वीजशाखा की संगणकशाखा?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी प्रश्न निघतो, पोराला विजेच्या शाखेला घालावे की संगणकाच्या? अहो, या दोन विद्या सख्ख्या बहिणी! घरातल्या दिव्याचे बटण पाहा. खाली केले की दिवा लागतो, वर केले की विझतो. संगणकाच्या पोटात अशीच कोट्यवधी सूक्ष्म बटणे असतात; चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. त्यांवरच सारा हिशेब चालतो. दोन्हींचा पाया मात्र एकच, गणित आणि पदार्थविज्ञान.

शिकायला पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असेही नाही. सांगलीचे इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली एकट्या स्थापत्य शाखेवर सुरू झाले. १९५५ साली त्याला वालचंदांचे नाव मिळाले, यंत्र व वीज या शाखा आल्या. सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण बांधले जात असतानाच, १९६० साली, कऱ्हाडला सरकारी कॉलेज निघाले.

पण कॉलेज जवळ आले म्हणून विद्या जवळ येत नाही. सातवीत अपूर्णांक कच्चे राहिले, तर पुढे जमीन गहाण टाकून भरलेली फी वाया जाते. म्हणून गुरुजी, ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलाच्या हाती एक विजेरी द्या, ती खोलू द्या, जोडू द्या. आणि मायबापहो, मुलगी हुशार असेल तर तिलाही हीच वाट मोकळी ठेवा.